मोठा आधी झोपला

गंगापूर रोडवरच्या त्या छापखान्यात दसऱ्याच्या सकाळी दोन कॉम्प्युटर बंद करायचे होते, आणि ते काम मालक मोतीराम यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. एरवी ते कॉम्प्युटरच्या वाटेला जात नसत. पण सणाचा दिवस होता, अंगात नवा सदरा होता आणि आई पूजेचं ताट घेऊन रिक्षातून उतरल्या होत्या. अशा वेळी माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं.

छापखाना लग्नपत्रिकांचा. मोतीरामांच्या वडिलांच्या काळात तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची, तेव्हापासून दसऱ्याला शस्त्रपूजा चालत आलेली. तिचे नियम दोनच. हत्यार पूजेआधी पूर्ण थांबलेलं पाहिजे, आणि एकदा त्याला हळदकुंकू लागलं की संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मोतीरामांच्या आई अक्काबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या आणि बऱ्याच गोष्टी विसरायला लागल्या होत्या, पण हे दोन नियम त्यांच्यापुढे कुणाला मोडता आलेले नव्हते. एका दसऱ्याला त्यांच्या दिरांनी पूजेनंतर गुपचूप एक हँडबिल छापलं होतं. त्यावर पुढे काय विपरीत घडलं ते अक्काबाई दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी ते थोडं जास्त विपरीत होत जाई.

त्या सकाळी छापखान्यात काम करत होती ती एकटी आशा. पत्रिकांची मांडणी तीच करायची, आणि आज समोर होती ती पत्रिका तिच्या स्वतःच्याच लग्नाची. लग्न दिवाळीनंतर होतं. मुलगा धनराज, स्वभावाने गरीब, त्याच्या घरच्यांची कसली अट नव्हती. अडचण सगळी आशाच्या घरची होती. वडील ती शाळेत असतानाच गेले. त्यानंतर तिला सांभाळलं ते विंचूरच्या सोमाकाकांनी आणि चांदवडच्या चंदरमामांनी, आळीपाळीने. दोघांनी जीव लावला, आणि त्यामुळे निमंत्रकांमध्ये पहिलं नाव आपलं असावं असं दोघांनाही वाटत होतं. काकांचं म्हणणं, बापामागे चुलता. मामांचं म्हणणं, मामाशिवाय मुलीला बोहल्यापर्यंत आणणार कोण. नाव जागेवर नसेल तर लग्नाला येणार नाही, असं दोघांनीही स्वतंत्रपणे आणि अगदी शांत आवाजात सांगून ठेवलं होतं. आशाला दोघंही मांडवात हवे होते. एकाशिवाय लग्न लावायचं ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

आदल्या दिवशीच्या पत्रिकेत काका सगळ्यात वर होते आणि मामा अगदी तळाला, लहान मुलांच्या 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या जरासे वर. ती बघून मामा चहा न घेता उठले होते. म्हणून आज सकाळी आशाने दोघांनाही छापखान्यातच बोलावलं. एक डाव्या खांद्यामागे उभा राहिला, एक उजव्या. मामा वर आले म्हणून काकांचे साडू वर आले, साडू वर आले म्हणून मामांचे व्याही सरकले, आत्याबाईंना ठळक अक्षर मिळालं म्हणून मावशीभोवती नक्षी आली. पाहुणे घरभर फिरावेत तशी नावं पत्रिकाभर फिरली. कोण कुणाच्या वर गेलं आणि कुणाच्या खाली आलं, हे आशाला नंतर शपथेवरही सांगता आलं नसतं. पण अखेर दोघंही "हां, आता बरं हाय" असं एकदमच म्हणाले आणि चक्क जोडीने चहाला गेले. पहिली पत्रिका दसऱ्यालाच देवीपुढे ठेवायची, या एका कलमावर मात्र त्यांचं सुरुवातीपासून एकमत होतं.

आशाने देवाचं नाव घेतलं आणि पत्रिका साठवायचा हुकूम दिला. तिचा कॉम्प्युटर जुना होता. छापखान्यात त्याला 'छोटा' म्हणत. आतल्या काचेच्या खोलीत नवा, दांडगा कॉम्प्युटर होता, तो 'मोठा'. छोट्याला कुठलंही काम सांगितलं की तो आधी थोडा विचार करत असे. आजही त्याने विचाराला सुरुवात केली, आणि तेवढ्यात आतून मोतीरामांचा आवाज आला की मुहूर्त टळतोय, मी मोठ्याला बंद करतोय.

"थांबा शेठ, माझं होऊ द्या," आशा म्हणाली.

"अगं, तुझा छोटा आहे. मोठ्याचा मान पहिला," मोतीराम म्हणाले आणि त्यांनी मोठ्याचं बटण दाबलं. मोठा आज्ञाधारक होता. तो लगेच झोपला.

त्याच क्षणी छोटा गप्प झाला. पडद्यावर नक्षीदार पत्रिकेच्या मधोमध एक चौकट आली: 'साठवत आहे. कृपया थांबा.' चौकट तशीच राहिली.

अक्काबाईंनी मोठ्याची यथासांग पूजा केली. पडद्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, समोर विडा, सुपारी, आपट्याची पानं ठेवली आणि बटण हाच त्याचा कपाळाचा भाग असावा असं समजून त्यावर ओलं कुंकू भरपूर लावलं. मग ताट घेऊन त्या बाहेर छोट्यापुढे आल्या. छोटा जागा होता.

"हा चालू आहे. चालत्या हत्याराला हळद लावत नाहीत," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मोतीरामांनी माउस हलवून बघितला, मग कीबोर्डवर दोनचार टिचक्या मारल्या. छोट्याने दाद दिली नाही. मग त्यांनी सुचवलं की सरळ वायर ओढावी, त्यात काय एवढं. आशाने सांगितलं की सकाळचं सगळं काम अजून हवेत आहे, वायर ओढली तर उरेल ती कालची पत्रिका, आणि कालची पत्रिका राहिली तर मामा राहणार नाहीत. एवढं सांगून ती उठून स्विचबोर्डापाशीच उभी राहिली. मोतीरामांनी मान डोलावली. पण घरी श्रीखंड-पुरी वाट बघत होती आणि पूजा झाल्याशिवाय अक्काबाई कुणाला पानावर बसू देणार नव्हत्या. आशा फोन घ्यायला टेबलाकडे वळली तेवढ्यात त्यांनी अंगठ्याने हळूच स्विचबोर्डावरचं बटण बंद केलं.

छोटा बंद पडला नाही. टेबलाखालचा यूपीएस मात्र कुणी चिमटा काढल्यासारखा केकाटू लागला.

"कोण ओरडतंय?" अक्काबाईंनी विचारलं.

मोतीरामांनी बटण पुन्हा चालू केलं आणि कोण ओरडतंय ते आपणही शोधत असल्यासारखा चेहरा केला. आशाने त्यांच्याकडे फक्त बघितलं. त्यानंतर मोतीराम दसरा संपेपर्यंत त्या भिंतीजवळ गेले नाहीत.

अक्काबाईंनी चष्मा लावून पडदा वाचला. "ते मशीन किती नम्रपणे थांबा म्हणतंय. तुम्हालाच धीर नाही," त्या म्हणाल्या आणि नीरांजनात आणखी तूप घातलं.

हे दोन्ही कॉम्प्युटर एका तारेने जोडून दिले होते संतोषने. तो दुरुस्तीचं काम करायचा आणि कुठलीही जुनी वस्तू टाकून द्यायला त्याचा विरोध असायचा. छोटा भंगारात जाणार होता, तेव्हा संतोषनेच त्याला वाचवलं होतं. तो आज सासुरवाडीला निघाला होता आणि वाटेतल्या घाटात रेंज येत जात होती. पहिल्या फोनवर त्याने "मोठ्याला हात" एवढंच सांगितलं आणि आवाज गेला. लावा की लावू नका, हे कळायला दुसरा फोन लागेपर्यंत थांबावं लागलं. लागल्यावर आशाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आधी कोणता बंद केलात?" संतोषने विचारलं.

"मोठा," आशा म्हणाली.

पलीकडे गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. मग संतोषने शांतपणे समजावलं. छोट्याच्या पोटात जागा थोडी. काम मोठं असलं की आत मावत नाही ते तो तारेवरून मोठ्याच्या घरी नेऊन ठेवतो, लागेल तसं परत आणतो. त्या जागेला स्वॅप म्हणतात. बंद होण्याआधी, किंवा काही साठवायचं असलं तरी, त्याला आपलं सामान तिथून परत घ्यावं लागतं. म्हणून नेहमी आधी छोटा झोपवायचा आणि मग मोठा. इथे मोठा आधी झोपला, आता छोटा दार वाजवत उभा आहे.

"मग आता?" मोतीरामांनी विचारलं.

"मोठ्याला उठवा. सामान त्याच्या डिस्कवर आहे तसंच आहे, जात नाही. छोटाही वाट बघायचं सोडत नाही, तशीच सोय करून ठेवलीय मी. फक्त छोट्याला बंद करू नका." एवढं बोलून तो पुन्हा घाटात शिरला.

तिघांनीही काचेच्या खोलीकडे बघितलं. मोठा हाराखाली जवळजवळ दिसेनासा झाला होता. उदबत्तीचा धूर त्याच्याभोवती फिरत होता. अक्काबाईंनी नुसती मान हलवली. हळदकुंकू लागलेलं हत्यार संध्याकाळपर्यंत उठत नाही. मग त्यांनी दिरांचं हँडबिल काढलं, आणि या वर्षी त्या गोष्टीत छापखान्याचं छप्परही उडालं. मोतीरामांनी सुचवलं की तर मग संध्याकाळपर्यंत थांबू. पण छोटा चालू असेपर्यंत त्याची पूजा नाही, त्याची पूजा झाल्याशिवाय पूजा पुरी नाही, आणि पूजा पुरी झाल्याशिवाय सोनं वाटता येत नाही. सोनं वाटल्याशिवाय मोठा उठत नाही, आणि मोठा उठल्याशिवाय छोटा झोपत नाही. मोतीरामांनी हे बोटांवर मोजून बघितलं आणि सोडून दिलं.

नेमके त्याच वेळी काका आणि मामा चहा संपवून परत आले. मामांच्या हातात देवीसाठी पेढ्यांचा पुडा होता. पत्रिका कुठाय, असं त्यांनी विचारलं. आशाला खोटं बोलता येत नसे, हा तिचा दोष होता. तिने सगळं सांगितलं, आणि निर्वाणीची वेळ आली तर हातात कालचीच पत्रिका उरेल, हेही सांगून टाकलं.

काकांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "कालची तरी काय वाईट व्हती? लय इचार करून केली व्हती. छाप तीच."

मामांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "छापा. मी निघतो चांदवडला."

"अरे, मशीनला झालंय तर मी काय करू?"

"मशीनला बरोबर कालचंच कसं आठवतं?" मामा म्हणाले. "इथं कुणी मुद्दाम केलं नाय ना?"

मग दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, आणि ते भांडण्यापेक्षा वाईट होतं. आशा दोघांच्या मध्ये उभी राहिली. सकाळचं सगळं आठवून पुन्हा टाइप करते, असं ती म्हणाली आणि एका पाठकोऱ्या पत्रिकेवर लिहायलाही बसली. पण आत्याबाईंपाशीच ती अडली. ठळक आत्या होती की मावशी? तिने काकांना विचारलं. काकांना आठवत होतं ते सगळं काकांच्या बाजूचं होतं, मामांना मामांच्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

"मला नाव नको कुणाचं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं या, एवढंच छापते."

अक्काबाईंनी नीरांजन बाजूला ठेवलं. रडणाऱ्या मुलीकडे बघून त्यांनी नियम मोडला असता, असं नाही. पण फोनवरचं बोलणं त्यांच्या डोक्यात मघापासून घोळत होतं.

"त्या लहान मशीनचं सामान मोठ्याच्या घरात आहे म्हणाला ना तो संतोष?" त्यांनी विचारलं.

"हो आजी."

"आणि ते परत दिल्याशिवाय मोठ्याला आधी झोपवलं कुणी?"

मोतीराम भिंतीपासून लांब उभे होते, ते आणखी लांब गेले. "आई, तूच म्हणतेस, मोठ्याचा मान पहिला."

"पानाचा, पूजेचा. झोपायचा नव्हे," अक्काबाई म्हणाल्या. "घरातलं मोठं माणूस आधी झोपतं का रे कधी? पाहुण्यांच्या पिशव्या ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या, लेकरं निजलीत का बघायचं, कडी लावायची, मग अंग टाकायचं. इतकी वर्षं मी काय केलं या घरात? मोठ्याचा मान शेवटचा असतो. पाहुण्याचं गाठोडं कोंडून जो घोरतो, तो कसला मोठा?"

काका आणि मामा ऐकत होते. दोघांनीही खाली बघितलं.

अक्काबाई उठल्या. अशा झोपेला पूजा म्हणत नाहीत, चुकीची ती चुकीची, असा निकाल त्यांनी दिला आणि दिरांचं हँडबिल तूर्त बाजूला ठेवलं. काचेच्या खोलीत जाऊन त्यांनी मोठ्यावर अक्षता वाहिल्या, विसर्जनाच्या वेळी मूर्ती हलवतात तसा त्याला दोन्ही हातांनी जरासा हलवला, हार काढून बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, उठवा याला.

आशाने बटण दाबलं. ते आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. ओलं कुंकू वाळून फटीत घट्ट बसलं होतं. मामांनी खिशातली किल्ली लावून बघितली, काकांनी आगपेटीची काडी. काडी आत मोडली. शेवटी आशाच्या केसांतल्या पिनेने कुंकू कोरून निघालं, त्यात काकांनी टॉर्च धरला आणि मामांनी मोठ्याला आडवा धरला. एकाच कामाला दोघांचे हात लागल्याची ही त्या आठवड्यातली पहिली वेळ होती. बटण टक्कन वर आलं. मोठा जागा झाला, थोडा घुमला, आणि स्वस्तिकामागे पडदा उजळला.

सगळे छोट्यापुढे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग चौकटीतली अक्षरं बदलली: 'साठवले.' आशा एकदम खाली बसली. तिने सकाळची पत्रिका एकदा उघडून बघितली, सगळी नावं सकाळच्या जागी होती. आता छापू का, असं तिने विचारायच्या आत अक्काबाईंनी आधी झोपवा म्हणून बजावलं. या वेळी क्रम चुकला नाही. आधी छोटा विझला. त्याला हळद लागली, कुंकू लागलं, बेताचंच. मग मोठा झोपला आणि त्याचा हार त्याला परत मिळाला. आता संध्याकाळपर्यंत दोघांपैकी कुणालाही हात लावायचा नव्हता, म्हणून काका आणि मामा मोतीरामांच्या घरी श्रीखंड-पुरीला बसले. पहिलं पान कुणाला यावरून कुणी काही बोललं नाही. उलट दोघंही आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभेच राहिले आणि पुऱ्या गार झाल्या.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर छापखाना उघडला. मोठ्याला आधी उठवलं. जे शेवटी झोपतं तेच आधी उठतं, हे अक्काबाईंना कुणी समजावून सांगायला लागलं नाही. मग छोटा उठला. पडद्यावर पत्रिका आली आणि आशाने छपाईसाठी हात पुढे केला.

"थांब पोरी," सोमाकाका म्हणाले. "माझं नाव वर नको. शेवटी घे."

आशाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "शेवटी म्हणजे?"

"सगळ्यांच्या खाली. घरातलं मोठं माणूस शेवटी असतं."

"असं कसं?" चंदरमामा पुढे झाले. "शेवटी माझं. तुमच्यापेक्षा मी दीड वर्षानं मोठा हाय."

"तुम्ही मामा. तुम्ही पाव्हणे. पाव्हण्याचं नाव वर असतं."

"पोरगी कॉलेजला माझ्या घरी व्हती. तवा पाव्हणे तुम्ही."

आशाने दोघांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. पुन्हा एक डाव्या खांद्यामागे, एक उजव्या. काका खाली गेले म्हणून साडूही खाली गेले, मामांचे व्याही त्यांच्या खाली गेले, आत्याबाईंनी फोनवरून ठळक अक्षर नाकारलं. पत्रिकेचा तळ माणसांनी गच्च भरला आणि वरचा भाग मोकळा पडला. निमंत्रक म्हणून पहिलं नाव घालायला कुणी तयार होईना. नाव नसलेली पत्रिका छापखान्यातून बाहेर काढायची मोतीरामांची तयारी नव्हती, धंद्याची अब्रू होती.

"मग तुमचंच घालू का शेठ?" आशाने विचारलं. "मोठ्याला आधी झोपवणारे तुम्हीच."

अशा रीतीने त्या लग्नाचे प्रमुख निमंत्रक मोतीराम झाले. त्यांचं आशाशी काय नातं, हे धनराजच्या घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण लग्नात त्यांना फेटा मिळाला आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशीही उतरवला नाही. काका आणि मामा तळाच्या ओळीत शेजारी शेजारी आले. त्यात डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण हे नक्की करायला आणखी एक चहा लागला.

लग्न झालं. जेवणावळी उठल्या, पाठवणीची गाडी फुलांनी सजून दारात उभी राहिली. आशाने मागे वळून बघितलं. मांडववाला खुर्च्या एकात एक रचून, कनातीच्या दोऱ्या सोडून थांबला होता, कारण मधोमध दोन खुर्च्यांवर काका आणि मामा बसले होते आणि आधी उठायला दोघांपैकी कुणी तयार नव्हता. "तुम्ही निघा चंदरराव, लांब जायचंय," काका म्हणत होते. मामा नुसती मान हलवत होते.

आशाला हसू आलं आणि रडूही आलं. ती गाडीत बसली तेव्हा दोघंही अजून तिथेच होते.